सतरा नंबरची खुर्ची : बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका अभ्यासिकेत अडीच महिने

मागच्या वेळी बँक फायनान्शियल मॅनेजमेंटच्या पेपरात मला ४३ मिळाले. सीएआयआयबीच्या, म्हणजे बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेच्या, पेपरात पास व्हायला ५० लागतात. एकाच खेपेला सगळे पेपर दिले आणि एकूण ५० टक्के जमले, तर प्रत्येकी ४५ चालतात. माझे ४३ कुठल्याच नियमात बसत नव्हते. मी एकोणचाळीस वर्षांची आहे, बँकेत क्लार्क म्हणून अकरा वर्षं झाली, आणि ही परीक्षा मला खरोखर पास व्हायची आहे. इन्क्रिमेंट तर हवीच आहे, पण फॉरवर्ड रेट, म्हणजे पुढच्या तारखेच्या परकीय चलनाचा आज ठरणारा दर, कसा काढतात ते काउंटरवर कोणी विचारलं तर मला सांगता यावं, हेही हवं आहे.

घर आमचं वाडी भागात, जुनं. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यात दार नाही, पडदा आहे. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ऐकायला कमी येतं, त्यामुळे टीव्ही मोठा. श्रावण लागला की खालच्या चौकात गरब्याचा क्लास सुरू होतो, संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ. मी बडोद्यातच वाढले, गरबा माझ्या अंगात आहे. ढोल सुरू झाला की माझे पाय टेबलाखाली आपोआप ठेका धरतात. बाँडचं ड्युरेशन, म्हणजे व्याजदर हलला की त्याचा भाव किती हलेल याचं गणित, मात्र त्या ठेक्यावर निघत नाही. ऑगस्टच्या शेवटी मिस्टरच म्हणाले, "तू कुठेतरी जाऊन बस बाई, सकाळचं मी बघतो." म्हणून ही अभ्यासिका.

तिचं नाव देत नाही. काही तक्रारी आहेत, मालकांनी त्यातल्या ऐकण्यासारख्या ऐकल्याही आहेत, आणि बडोद्यात अशा रीडिंग लायब्रऱ्या आता गल्लोगल्ली निघाल्यात. त्यातल्या कुठल्याही एका ठिकाणी पैसे भरायच्या आधी काय बघावं, हे सांगायला नावाची गरज नाही.

स्टेशनरीच्या दुकानावर दुसरा मजला, जिना अरुंद. सेहेचाळीस खुर्च्या, प्रत्येकीला प्लायवूडचा आडोसा, डोक्याशी एलईडीची पट्टी, एक प्लग पॉइंट. सकाळी सहा ते रात्री अकरा. महिन्याला बाराशे रुपये, पाचशे डिपॉझिट, कुलपाचा कप्पा हवा असेल तर शंभर वेगळे. बायका-मुलींसाठी आतल्या बाजूला दोन रांगा. भिंतीवर गुजरातीत "शांति जाळवो", म्हणजे शांतता राखा. स्वच्छतागृह स्वच्छ असतं, आणि हे मी मुद्दाम लिहिते, कारण चार तास बसायचं तर बाईला आधी तेच बघावं लागतं.

खुर्चीला पूर्ण गुण. पाठ कंबरेशी टेकते, हात टेबलावर सरळ येतात, पाय जमिनीला लागतात. माझी उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे पाय जमिनीला लागणं ही माझ्यासाठी साधी गोष्ट नाही. घरी मी दिवाणावर मांडी घालून अभ्यास करत होते आणि तासाभरात मान धरायची. मान धरली की मी उठायचे, आणि उठले की स्वयंपाकघरात जायचे. इथे मी उठत नाही. माझ्या मते बाराशेतले आठशे त्या खुर्चीचे आहेत.

उजेडाचं मात्र थोडं जमवून घ्यावं लागलं. एलईडीची पट्टी नेमकी डोळ्यांच्या रेषेत. गुळगुळीत कागदावर तिची चकाकी यायची आणि अर्ध्या तासात कपाळ दुखायचं. काउंटरवर बसणारा मुलगा मराठीच, रावपुऱ्यातला. त्याला सांगितलं तर म्हणाला, "ताई, पुठ्ठा लावून देऊ का?" त्यानं पट्टीखाली खाकी पुठ्ठ्याची दोन बोटांची झालर चिकटवली. उजेड पानावर, डोळ्यात नाही. आठवडाभरात आमच्या रांगेतल्या सगळ्यांनी पुठ्ठे लावून घेतले.

उजेडाचा विषय निघाला की मला मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीची आठवण होते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून बोलावून घेतला आणि राज्यभर वाचनालयांचं जाळं उभं केलं. त्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या घोड्यांमधली जमीन काचेची आहे. वरचा उजेड झिरपत खालच्या मजल्यापर्यंत यावा म्हणून. शाळेत असताना बाबा मला तिथे न्यायचे आणि मी त्या काचेवर पाय ठेवायला घाबरायचे. वाचणाऱ्याच्या पानावर उजेड कुठून पडणार, याचा विचार या गावात शंभर वर्षांपूर्वी झालेला आहे. मी तिथेच बसले असते, पण माझा वेळ पहाटेचा.

आता मुख्य मुद्दा, छतातले स्पीकर.

या अभ्यासिकेची जाहिरातच मुळी "फोकस म्युझिक"ची आहे. सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत मंद आवाजात काहीतरी चालू असायचं. सकाळी पियानो आणि त्यामागे पाऊस, दुपारी मुलांच्या मागणीवरून जुनी हिंदी गाणी, संध्याकाळी पुन्हा पियानो. भिंतीवर मोझार्ट या पाश्चात्य संगीतकाराचं चित्र आणि खाली लिहिलेलं, की मोझार्ट ऐकल्यानं बुद्धी वाढते हे शास्त्रानं सिद्ध झालं आहे.

मी सहा वर्षं सूरसागरच्या म्युझिक कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला गाणं शिकले. ते कॉलेज सयाजीरावांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाती सोपवलेल्या गायनशाळेतून वाढलेलं. मी काही गवई झाले नाही, पण कान तयार झाला, आणि तयार झालेला कान बंद करता येत नाही. पियानोनं कॉर्ड बदलली की माझं लक्ष पानावरून उठून तिकडे जाऊन बसायचं. गाण्याचा अंतरा समेवर येईपर्यंत माझं पेन थांबून राहायचं. शेजारची मुलगी म्हणायची, तिला काही ऐकूच येत नाही. म्हणून पहिले आठ-दहा दिवस मला वाटलं, दोष माझाच.

मग मी वाचायला लागले. बँकेत वाउचर तपासायची सवय आहे. भिंतीवर लिहिलंय म्हणून मी सही करत नाही.

मोझार्टची गोष्ट अशी आहे. १९९३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइनमधल्या तीन संशोधकांनी, राउशर, शॉ आणि की यांनी, 'नेचर'मध्ये एक छोटा लेख छापला. छत्तीस कॉलेजच्या मुलांना दहा मिनिटं मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा ऐकवला आणि मग कागद दुमडून कापला तर कसा दिसेल, अशा प्रकारची कोडी दिली. त्याच मुलांना शांत बसल्यावर किंवा आराम करायच्या सूचना ऐकल्यावर जमली त्यापेक्षा ती बरी जमली. हा फरक दहा-पंधरा मिनिटं टिकला. बस, एवढंच. बाळं नाहीत, पाठांतर नाही, आणि मुख्य म्हणजे कोडी सोडवताना मोझार्ट चालूच नव्हता, आधी वाजवून बंद केला होता. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची टेप द्यायला सरकारी पैसे मागितले. पुढे २००१ मध्ये टॉम्पसन, शेलेनबर्ग आणि हुसैन यांनी दाखवलं की आनंदी, चपळ मोझार्टनं ते होतं आणि अल्बिनोनीच्या संथ, उदास रचनेनं होत नाही. आणि मन किती प्रसन्न झालं, अंगात किती तरतरी आली, हे हिशेबात धरलं की मोझार्टचा म्हणून वेगळा परिणाम उरत नाही. म्हणजे मन फुलवणारं काहीही चालेल. माझ्यासाठी सकाळचा भैरव.

दुसरी गोष्ट शब्दांची. सालामे आणि बॅडली या दोघांनी १९८० च्या दशकात आकडे लक्षात ठेवायला देऊन मागे निरनिराळे आवाज लावून पाहिले. कोणी बोलत असेल तर आकडे निसटतात, आणि गाणं असेल तर नुसत्या वाद्यांपेक्षा शब्दांचं गाणं जास्त नुकसान करतं. त्याच्याही आधी, १९७६ मध्ये, कोल आणि वेल्श यांनी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या कानावर जर्मन वाचन घातलं, एक अक्षर न कळणारं, तरी आठवण घसरली. माझा मोठा मुलगा कोरियन गाणी लावून अभ्यास करतो आणि म्हणतो, "आई, शब्द कळतच नाहीत, मग काय होतंय?" त्याला मी हे वाचून दाखवलं. आपण एखादा आकडा धरून ठेवतो तो मनातल्या मनात पुटपुटूनच, एक्याऐंशी दशांश चार, एक्याऐंशी दशांश चार. त्याच जागेत दुसऱ्याचा आवाज घुसला की आपला आकडा बाहेर पडतो. कळणारा असो की न कळणारा.

हे सगळं वाचल्यावर मी दोन आठवडे वहीत नोंद ठेवली. सहा ते आठ स्पीकर बंद असतो आणि आठनंतर चालू होतो, त्यामुळे तुलना आयती होती. एक दिवस गणितं आधी आणि वाचन नंतर, दुसऱ्या दिवशी उलट, म्हणजे दमल्यामुळे चुकलं असं म्हणायला नको. शांततेत तासाला चौदा-पंधरा गणितं होत होती आणि एखाद-दुसरं चुकत होतं. पियानो असताना बारा, चुका तीन. शनिवार-रविवारी दुपारी हिंदी गाणी लागली की गणितं नऊ किंवा दहा आणि चुका पाचाच्या घरात, त्याही बहुतेक एकाच जातीच्या: आकडा वरच्या ओळीतून खालच्या ओळीत उतरवताना बदललेला. ८१.४७ चं ८१.७४. बँकेत असं झालं तर रात्री नऊपर्यंत टॅली लागत नाही. ही माझ्या एकटीची वही आहे, सगळ्यांना लागू होईल असं मी म्हणत नाही. पण त्या चुका मी माझ्या डोळ्यांनी मोजल्या आहेत.

वही घेऊन मालकांकडे गेले. ते गुजराती, साठीचे, सभ्य गृहस्थ. म्हणाले, "म्युझिकथी तो कॉन्सन्ट्रेशन आवे, बेन. बधा छोकराओ मांगे छे." मी म्हटलं, मागतात हे खरं, पण ज्याला हवं तो इअरफोन घालून ऐकू शकतो. ज्याला नको आहे त्याला कानाला झाकण नाही. त्यांनी वही उलटून पाहिली, चष्मा वर केला आणि म्हणाले, एक आठवडा बंद ठेवून बघू. तो आठवडा अजून चालू आहे. दुपारची गाणी बंद झाली ती झालीच. संध्याकाळी सात ते आठ पियानो लागतो, तेव्हा मी नसते. चित्र अजून भिंतीवर आहे.

गाणी बंद झाल्यावर मला एक नवीन गोष्ट कळली, आणि तीच या अडीच महिन्यांतली सगळ्यात मोलाची. संपूर्ण शांतता मला नको होती. स्पीकर बंद झाला तेव्हा पहिल्यांदा पानं उलटल्याचा, पेन पडल्याचा, जिन्यावरच्या चपलांचा आवाज यायला लागला आणि मी प्रत्येक वेळी मान वर करू लागले. पण सतरा नंबरच्या खुर्चीच्या बरोबर वर, झरोक्यात, एक एक्झॉस्ट फॅन आहे. तो एकाच सुरात घुमतो. मी आपोआप त्याला सा मानून घेतलं. गाण्याच्या वर्गात तानपुरा सुरू झाला की बाहेरच्या रस्त्यावरचे हॉर्न मागे सरकायचे, तसंच. तानपुरा आहे म्हणून गाणं ऐकू येतं, तानपुरा गाण्याच्या आड येत नाही. कार्डिफ विद्यापीठाच्या डिलन जोन्स यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच प्रयोग करून मांडलंय: आवाज किती मोठा यापेक्षा तो किती बदलतो यानं लक्ष मोडतं. एकच अक्षर पुन्हा पुन्हा आलं तर फारसं बिघडत नाही. अक्षरं बदलत राहिली की बिघडतं. आमच्या गाण्याच्या बाईंनी हे मला सोळाव्या वर्षी शिकवलं होतं, फक्त मी ते अभ्यासाला कधी लावून बघितलं नव्हतं.

म्हणून सतरा नंबर. ती खुर्ची मिळवायला मी दोन दिवस पावणेसहाला जिन्यात उभी राहिले. मग काउंटरवरच्या मुलानं माझं नाव लिहूनच ठेवलं.

जागा निवडण्याबद्दल आणखी एक. रस्त्याकडच्या रांगेत बसू नका, मग ती खिडकी कितीही छान दिसो. फोनवरच्या ॲपनं मी आवाज मोजला. ॲपचा आकडा नेमका नसतो, पण एकाच फोननं दोन जागा मोजल्या तर तुलना होते. खिडकीशी साठच्या आसपास आणि हॉर्न वाजला की पंचाहत्तर, आतल्या रांगेत पंचेचाळीस. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत बाजारपेठेला दिवसा ६५ डेसिबल चालतात, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ५०. म्हणजे तीस फुटांच्या एका हॉलमध्ये मी बाजारातही बसू शकते आणि शांतता क्षेत्रातही. न्यूयॉर्कमधल्या एका शाळेबद्दल मी वाचलं, तिच्या एका बाजूनं उंच पुलावरून रेल्वे जायची. १९७५ मध्ये ब्रॉन्झाफ्ट आणि मॅकार्थी या दोघांनी बघितलं, तर रुळांकडच्या वर्गातली मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांच्या मागे पडलेली, वरच्या वर्गात जवळजवळ वर्षभरानं. शाळा तीच. पुढे रुळांखाली रबर घातलं, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे पत्रे लावले, आणि नंतर तपासलं तेव्हा दोन्हीकडची मुलं सारखी होती. ते वाचून मला रडू आलं. इतकी वर्षं त्या मुलांना कोणीतरी "लक्ष देत नाहीस" म्हटलं असेल.

हवेबद्दल तक्रार आहे आणि ती अजून पूर्ण मिटलेली नाही. रविवारी दुपारी हॉल भरतो, खिडक्या बंद, दोन एसी चालू. चारच्या सुमाराला सगळ्यांच्या माना खाली. आम्हाला वाटायचं जेवणामुळे. आमच्या रांगेत पर्यावरणाचा अभ्यास करणारी एक मुलगी आहे. तिनं कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र आणलं. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत चारशेच्या थोडा वर, आतल्या हवेत एकवीसशे. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो, बाहेरची ताजी हवा आत आणतच नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेच्या लोकांनी बावीस जणांना ६००, १००० आणि २५०० अशा तीन पातळ्यांवर निर्णय घ्यायची कामं दिली होती. हजारावरच गुण उतरायला लागले आणि अडीच हजारावर काही कामांत फारच कोसळले. आम्ही मागची खिडकी चार बोटं उघडली, सगळे एक्झॉस्ट सुरू केले. अर्ध्या तासात आकडा हजाराच्या खाली आणि माना वर. मालकांची अडचण वीजबिलाची आहे, ती मला कळते. तोडगा असा निघाला की एसी अठराऐवजी सव्वीसवर ठेवायचा, पंखे लावायचे आणि खिडकी उघडी. अठरावर मी शाल घेऊन बसत होते, सव्वीसवर शाल लागत नाही. पण कोणीतरी येतो आणि खिडकी लावून टाकतो. रविवारी जाणार असाल तर आधी ती खिडकी बघा.

संगीत अभ्यासाचा शत्रू आहे असं मी लिहितेय असं कोणाला वाटू नये. मला ते सहन होणार नाही. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण म्हणतो, आणि त्या म्हणीत किती नेमकं सांगितलंय बघा. हात ठरलेल्या चालीनं फिरतोय, डोकं मोकळं आहे, वेळ लांब आहे. तिथे गाणं हवंच. माझ्या आजीला शंभरावर ओव्या पाठ होत्या आणि त्या बसून कधी आठवायच्या नाहीत, दळायला लागल्यावरच यायच्या. बीबीसीनं १९४० मध्ये, युद्धाच्या दिवसांत, कारखान्यातल्या कामगारांसाठी दिवसातून दोनदा रेडिओवर गाणीबजावणी सुरू केली, तीही अशाच एकसुरी कामासाठी. आमच्या शाखेत संध्याकाळी खराब नोटा वेगळ्या करून गड्ड्या बांधायच्या असतात तेव्हा हेड कॅशियर मंद आवाजात जुनी गाणी लावतात. ते काम गाण्यावर हलकं होतं आणि गड्ड्याही बरोबर बनतात. पण त्याच वेळी कोणी कर्जाचं प्रकरण वाचायला काढलं की तो आधी म्हणतो, "साहेब, जरा बंद करा ना."

कामाप्रमाणे जागाही बदलते. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात मला दहा मिनिटं बोलायचं होतं. ते भाषण मला अभ्यासिकेत सुचेना. सेव उसळच्या दुकानात मैत्रिणीची वाट बघत बसले होते, चारी बाजूंनी बोलणं, भांडी, तर्रीचा वास, आणि पंधरा मिनिटांत कागद भरला. मेहता, झू आणि चीमा यांचा २०१२ चा अभ्यास आहे, की सत्तर डेसिबलच्या मध्यम गलबल्यात माणसाला नव्या कल्पना पन्नासपेक्षा आणि पंच्याऐंशीपेक्षा बऱ्या सुचतात. बाँडचं ड्युरेशन मात्र मी तिथे काढणार नाही. त्यात नवीन काही सुचायचं नसतं, सूत्र चुकायचं नसतं.

म्हणून माझा दिनक्रम आता असा. सव्वापाचला उठते. वाडीतून दांडिया बाजारापर्यंत चालत जाते, वीस मिनिटं, आणि कानात भैरव किंवा ललत. जिना चढताना बंद करते. सतरा नंबरवर बसते, पहिला तास गणितं, दुसरा तास वाचन, तिसऱ्या तासात जुने प्रश्न घड्याळ लावून. मध्ये एकदा खाली जाऊन चहा. सव्वानऊला घरी, डबे, आणि मग शाखा. नवरात्रात तर अख्खं गाव रात्री दीड-दोनला झोपायचं. सहा वाजता हॉलमध्ये आम्ही चौघी असायचो आणि तो पंखा. मी अष्टमीला गरब्याला गेले, पोटभर खेळले, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली.

घड्याळ लावून शांततेत सोडवण्याचं एक कारण आहे. परीक्षेच्या केंद्रात स्पीकर नसतो. शंभर प्रश्न, दोन तास, संगणकाच्या पंख्यांची घरघर आणि माउसचे क्लिक. १९९८ मध्ये ग्रँट आणि सोबतच्या संशोधकांनी काही जणांना एक लेख वाचायला दिला, अर्ध्यांना शांततेत, अर्ध्यांना कॅन्टीनचा गलबला ऐकवत. ज्यांना वाचताना आणि परीक्षा देताना एकच वातावरण मिळालं, त्यांना जास्त आठवलं. गलबल्यात वाचणाऱ्यांनासुद्धा. पण परीक्षा गलबल्यात घेत नाहीत, त्यामुळे निवड सोपी आहे. हे मी आमच्या रांगेतल्या जीपीएससीच्या, म्हणजे गुजरात लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या, मुलींना सांगितलं. दोघींनी इअरफोन काढले. तिसरी म्हणाली, "ताई, मला गाण्याशिवाय बसवतच नाही, एकटं वाटतं." तिला मी पुढे काही बोलले नाही. घर सोडून बडोद्यात एका खोलीत राहणाऱ्या मुलीला तेवढी सोबत लागत असेल, तर ती तिला हवी.

मुलानं कोरियन गाणी सोडलेली नाहीत. पण भूमितीला लावतो, इतिहासाला लावत नाही. त्यानं स्वतः वही करून बघितली आणि ठरवलं, म्हणून मी समाधानी आहे. त्याची आठवीची सहामाही चांगली गेली.

पैशांचं थोडक्यात. बाराशे रुपये माझ्या मते योग्य आहेत, पण तीन महिन्यांचे एकदम भरू नका, सवलत मिळाली तरी. आधी एक दिवसाचे साठ रुपये देऊन बसा. सकाळी नाही, रविवारी दुपारी, जेव्हा हॉल भरलेला असतो. खुर्चीत तासभर बसून मान बघा, पानावर चकाकी येते का बघा, छतात स्पीकर कुठे आहेत ते बघा, आणि खिडकी उघडते का ते हात लावून बघा. डिपॉझिटची पावती लिहून घ्या. मला मिळाली, पण मागितल्यावर.

परीक्षा या महिनाअखेर आहे. परवा सकाळी मी जिना चढले तर सतरा नंबरवर शांत होतं, कानात काहीतरी कमी होतं. पंख्याचं बेअरिंग गेलं होतं आणि मालकांनी तो रात्रीच उतरवून ठेवला होता. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, नवा आणलाय, बिनआवाजाचा. दुपारी बसवतो." मी त्याला सांगितलं, तो दुसऱ्या झरोक्यात बसव, हाच दुरुस्त करून दे, जास्तीचे पैसे मी देते. त्याला आधी पटेना. मग मी त्याला तानपुऱ्याचं सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, पाच मिनिटं. आज सकाळी पंखा परत जागेवर होता. बेअरिंग नवीन, सूर अर्धा स्वर वर गेलाय. सा नवीन धरायला मला पंधरा मिनिटं लागली, आणि मग फॉरवर्ड रेटची वीस गणितं झाली, चूक एक.